मराठीत थ्रिलर लिहिणाऱ्या आणि बनवणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

हे पत्र मराठी सिनेमे आणि वेबसिरीज लिहिणाऱ्यांना, डायरेक्ट करणाऱ्यांना आणि त्यात पैसा घालणाऱ्यांना आहे. मराठीत आता थ्रिलर बनतात, लोक ते बघतात, त्यावर बोलतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण एक गोष्ट कधीची खटकतेय. गोष्टीत बाईचे फोटो नाहीतर व्हिडिओ कुणाच्या तरी हाती लागतात, ती घाबरते, रडते, कुणाचं तरी ऐकून काहीतरी वाईट करून बसते, आणि पुढे एकतर ती मरते नाहीतर हीरो येऊन तो पेनड्राइव्ह फोडून टाकतो. त्या बाईचं काय झालं, ती घरी गेल्यावर काय झालं, तिला नेमकी कुणाची भीती वाटत होती, यातलं काहीच आपल्याला कळत नाही, कारण लेखकाला तिच्याशी काही घेणंदेणंच नसतं, त्याला फक्त पुढचा ट्विस्ट हवा असतो.

म्हणून तुम्हाला एक फिल्म बघायची विनंती करायचीय. 'हुदाज् सलून'. पॅलेस्टिनी दिग्दर्शक हानी अबू-असद यांची, २०२१ ची, टोरंटोच्या फेस्टिव्हलमध्ये पहिल्यांदा दाखवली होती. जेमतेम दीड तासाची आहे. हे अबू-असद म्हणजे नाझरेथमध्ये जन्मलेले, आधी विमानांचे इंजिनिअर होते आणि मग सिनेमात आले, त्यांच्या आधीच्या दोन फिल्म ऑस्करच्या परदेशी भाषेच्या विभागात नॉमिनेट झाल्यात. धमकावून खबऱ्या बनवणं हा विषय त्यांनी आधीही घेतला होता पण तिथे तरुण मुलगा होता, इथे बाई आहे, आणि बाई आली की सगळं गणितच बदलतं. फिल्म सत्य घटनांवर आधारलेली आहे असं सुरुवातीलाच सांगतात.

सुरुवातीचा सीन जरा सविस्तर सांगते कारण तुमच्यासाठी त्यात शिकण्यासारखं खूप आहे. इस्रायलच्या लष्करी ताब्याखालच्या पॅलेस्टिनी भागातल्या बेथलेहेममधलं बायकांचं एक साधं पार्लर. रीम नावाची तरुण बाई आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन केस कापायला आलीय. पार्लरची मालकीण हुदा तिचे केस करतेय आणि दोघींच्या गप्पा चालल्यात, इकडच्या तिकडच्या, मग रीमचा नवरा कसा संशयी आहे त्याच्या, अगदी आपल्याकडच्या कुठल्याही पार्लरमध्ये दुपारी चालतात तशा. कॅमेरा कट होत नाही, त्यांच्याभोवती नुसता वावरत राहतो, आणि तुम्ही इतके रमता त्यात की ही थ्रिलर आहे हे विसरूनच जाता. कॉफी येते. रीम पिते. थोड्या वेळात तिची शुद्ध हरपते. मग हुदा आणि एक माणूस मिळून तिचे कपडे काढतात, त्या माणसाला तिच्याशेजारी झोपवतात आणि पोलरॉइड कॅमेऱ्याने फोटो काढतात. रीम शुद्धीवर आली की हुदा ते फोटो तिच्यासमोर धरते आणि सांगते की इस्रायलच्या गुप्तचर खात्यासाठी काम करायचं, नाहीतर हे फोटो घरी पोचतील.

बास, एवढंच. बंदूक नाही, पाठलाग नाही. मघाशी ज्या हातांनी केस विंचरले त्याच हातांनी हे केलं. आणि हुदाच्या चेहऱ्यावर व्हिलनचं हसू नाही बरं का, एक काम उरकल्यासारखं करते ती. मनाल अवाद या अभिनेत्रीने हुदा केलीय आणि मैसा अब्द इल्हादीने रीम, दोघींचंही काम बघताना आपण मधूनच श्वास रोखून धरतो.

आता यापुढे आपल्याकडचा लेखक काय करेल? रीमला एखाद्या गुप्तचर अधिकाऱ्याकडे पाठवेल, तिच्याकडून एखादी सिक्रेट फाइल चोरवेल. इथे फिल्म सरळ रीमच्या घरी जाते. कारण खरा थ्रिलर तिथे आहे. रीम नाही म्हणणारी बाई आहे, तिला गद्दारी करायची नाहीये, पण मग तिने जायचं कुणाकडे? नवऱ्याला सांगावं तर तो आधीच संशयी, तो आधी विचारणार की तू तिथे गेलीसच का आणि हा फोटोतला माणूस कोण. आपल्या लोकांना सांगावं, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या गटाच्या लोकांना, तर त्यांच्या लेखी ती आता शत्रूची हस्तक झालेली असू शकते. आणि शत्रू तर फोनच्या पलीकडे वाट बघतच बसलाय. तिन्ही बाजूंनी दारं बंद, कडेवर पोर, आणि घरात जेवणखाण, पाहुणे, सासरचे लोक हे सगळं नेहमीसारखं चालूच. नवरा विचारतो काय झालंय तुला, तिचं तोंड उघडत नाही, आणि ती गप्प आहे म्हणूनच त्याला वाटायला लागतं की हिचं कुठेतरी काहीतरी चाललंय. फोटो घरी पोचलेलाच नाही पण त्याचं काम आधीच सुरू झालंय. लेखकांनो, हे असं लिहिता यायला पाहिजे.

दुसरीकडे हुदाला त्या गटाचे लोक पकडतात आणि जमिनीखालच्या एका खोलीत तिची चौकशी सुरू होते. हसन नावाचा माणूस समोर बसलाय, अली सुलेमान या नटाने केलाय. अर्धी फिल्म म्हणजे हे दोघं समोरासमोर बसून बोलतायत, बाकी काही नाही, आणि तरी उठवत नाही. तिथे कळतं की हुदासुद्धा आधी अशीच कोंडीत पकडली गेली होती, तिचंही घर गेलं, मुलं दुरावली. आणि ती एक गोष्ट सांगते जी ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये, की ती बायका निवडताना नवरा कसा आहे ते बघायची. ज्यांचे नवरे वाईट आहेत त्याच बायका निवडायची. का, तर ज्या बाईला घरी जाऊन सगळं सांगता येतं ती बाई धमकीला बळी पडत नाही. आणि हसनला ती तोंडावर सुनावते की जो समाज स्वतःच आपल्या बायकांना दाबून ठेवतो त्याच्यावर राज्य करणं बाहेरच्याला सोपं जातं.

हुदाने केलं ते माफ करण्यासारखं नाही आणि फिल्मही तिला माफ करत नाही. पण फिल्म तिला ऐकून घेते. आपल्याकडे अशी बाई दाखवायची म्हटलं की लगेच लाल लिपस्टिक, सिगारेट आणि पाठीमागे म्युझिक. ती अशी का झाली यावर दोन मिनिटंही खर्च होत नाहीत.

कुणी म्हणेल की ही सिनेमातली गोष्ट झाली. तर ऐका. सप्टेंबर २०१४ मध्ये इस्रायलच्या लष्कराच्या युनिट ८२०० या गुप्तचर तुकडीतल्या ४३ राखीव सैनिकांनी आणि अधिकाऱ्यांनी पंतप्रधानांना उघड पत्र लिहिलं होतं की यापुढे पॅलेस्टिनी लोकांविरुद्धच्या या कामात आम्ही भाग घेणार नाही. निरपराध लोकांची खासगी माहिती गोळा केली जाते आणि त्यातून खबरे तयार करून त्या समाजात फूट पाडली जाते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्यातल्या काहींनी सांगितलं की कुणाचे लैंगिक संबंध कुणाशी आहेत, कुणाला कुठला आजार आहे, कुणाला पैशाची नड आहे, हे सगळं शोधून ठेवायचं कारण त्यावरून माणसाला वाकवता येतं. म्हणजे एवढी अवाढव्य यंत्रणा, इतकी टेक्नॉलॉजी, आणि ती शोधतेय काय, तर हा माणूस घरच्यांपासून काय लपवतोय.

आणि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, ती अबू-असद यांनी लपवली नाही म्हणून मला ही फिल्म जास्त आवडली. १९८७ ते १९९३ च्या पहिल्या इंतिफादाच्या, म्हणजे इस्रायलच्या ताब्याविरुद्धच्या पॅलेस्टिनी उठावाच्या काळात खबरे असल्याच्या संशयावरून पॅलेस्टिनी लोकांनीच आपल्यातल्या शेकडो माणसांना मारलं. त्यात किती जण खरंच खबरे होते आणि किती जणांवर नुसता संशय होता हे आता कुणीच सांगू शकत नाही. बाई असेल तर गद्दारी आणि घराण्याची अब्रू या दोन्ही गोष्टी एकत्र यायच्या, मग तिला विचारणार कोण आणि ऐकणार कोण. रीमच्या डोळ्यांत जी भीती दिसते ती या इतिहासातून आलीय.

पुढे जे झालं ते तर फारच विचित्र. २०२२ मध्ये फिल्म तिकडच्या प्रेक्षकांपर्यंत पोचली तेव्हा त्यातला तो कपडे काढण्याचा सीन तेवढाच कापून सोशल मीडियावर फिरायला लागला. गोष्ट बाजूला राहिली, तेवढा तुकडा या फोनवरून त्या फोनवर. लोकांनी अभिनेत्रीला आणि दिग्दर्शकाला नको नको ते बोलून घेतलं. ज्या गोष्टीविरुद्ध फिल्म बोलत होती तीच गोष्ट फिल्मच्या बाबतीत झाली. त्या सीनमध्ये उघडेपणा आहे, हो आहे, पण बघताना अंगावर काटा येतो, चाळवलं जावं असं त्यात काहीही नाही. तुमच्यापैकी कुणी असा सीन घेणार असाल तर आधी हे ठरवा की कॅमेरा कुणाच्या बाजूने आहे. आपल्याकडे बऱ्याचदा तो फोटो काढणाऱ्याच्याच बाजूने असतो, पोस्टरपासून ट्रेलरपर्यंत तोच फोटो प्रेक्षकाला दाखवून तिकीट विकायचं, आणि मग गोष्टीत मात्र ब्लॅकमेलर वाईट. हे मला पटत नाही.

आता आपल्या देशातलं. पॅलेस्टाइनसारखी परिस्थिती इथे नाही, तिथला लष्करी ताबा, इस्रायलने बांधलेली भिंत, ते चेकपॉइंट इथे नाहीत, तेव्हा दोन्ही गोष्टी एका पारड्यात टाकायच्या नाहीत. पण धमकीचं हे यंत्र आपल्याकडेही चाललंय आणि आपण ते बघितलंय. १९९२ मध्ये अजमेरचं प्रकरण बाहेर आलं. शाळा-कॉलेजातल्या मुलींवर अत्याचार करायचे, फोटो काढायचे आणि मग त्या फोटोंच्या जोरावर त्यांनाच सांगायचं की आता तुझ्या मैत्रिणीला घेऊन ये. जी मुलगी स्वतः फसलीय तिच्याच हातून दुसरी फसवायची, हुदाची गोष्ट यापेक्षा वेगळी काय आहे? त्या काळात रोल धुवायला फोटो लॅबमध्ये द्यावे लागायचे, तिथून प्रिंट बाहेर फुटल्या आणि आणखी लोक त्या मुलींना धमकवायला लागले. त्या केसमधल्या ६ जणांना जन्मठेप झाली ती कधी, ऑगस्ट २०२४ मध्ये. ३२ वर्षांनी. तोपर्यंत त्या मुलींना जावई-सुना आल्या असतील, आणि तरी समन्स आलं की कोर्टात येऊन तेच सगळं पुन्हा सांगायचं.

आणि आपलं जळगाव. १९९४. ज्यांचं वय आज पन्नाशीच्या पुढे आहे त्यांना ती वर्तमानपत्रं आठवत असतील. बायका-मुलींना जाळ्यात ओढून त्यांचं चित्रण करायचं, त्यावरून धमकवायचं, आणि यात नावं कुणाची आली तर गावातल्या वजनदार लोकांची, राजकारणातल्यांची. अरविंद इनामदार यांच्यासारखे पोलीस अधिकारी तपासाला होते. पण तक्रार द्यायला पुढे आलेल्या बायका मोजक्या, आणि साक्षीला उभं राहायला त्याहून कमी, त्यामुळे कोर्टात बऱ्याच केसेस टिकल्याच नाहीत. का नाही आल्या पुढे? कारण नाव बाहेर आलं की लग्न मोडणार, बहिणीचं जमणार नाही, बाप मान वर करून गावात फिरणार नाही. त्या काळात तर जळगावची मुलगी म्हटल्यावरच स्थळं परत जायची असं सांगतात, म्हणजे जिच्याशी या प्रकरणाचा काडीचाही संबंध नाही तिलासुद्धा शिक्षा. गुन्हेगारांना वकील करायला पैसे लागले असतील, पण त्यांचं खरं काम या भीतीने फुकटात केलं.

पॉलिटिकल थ्रिलर लिहायचा तर यात काय कमी आहे? आपल्याकडे राजकीय थ्रिलर म्हटलं की मुख्यमंत्र्याची खुर्ची, फुटलेले आमदार, फार्महाऊस, पांढऱ्या गाड्यांचा ताफा. बाई त्यात असते ती सीडीत. 'हुदाज् सलून'मध्ये एकही मंत्री नाही, एकही सभा नाही, गुप्तचर खात्याचा अधिकारी बहुतेक वेळ नावापुरता, आणि तरी सगळं राजकारण त्या घरात आणि त्या तळघरात आहे. कारण सत्ता कुणाची चालते, कशाच्या जोरावर चालते, हे त्यात दिसतं.

हनीट्रॅपचंही तेच. पुण्यात डीआरडीओच्या एका शास्त्रज्ञाला २०२३ मध्ये एटीएसने अटक केली तेव्हा महिनाभर चॅनेलवर तेच चालू होतं, आणि मला खात्री आहे की त्यावर निदान चार स्क्रिप्ट तरी कुठेतरी लिहिल्या गेल्या असतील. या गोष्टींत पुरुष फसणारा असतो आणि बाई जाळं असते. ती जाळं कशी झाली, तिच्या मानेवर कुणाचा हात आहे, हा प्रश्न कुणी विचारतं का? जगात कुठेही बघा, अशा कामाला लावलेल्या बायकांमध्ये रीमसारख्या किती असतील. एकदा तरी तिच्या बाजूने स्क्रिप्ट लिहून बघा, तुमचीच गोष्ट तुम्हाला नवी वाटेल.

आणखी एक, जे मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय. तुमच्या गोष्टीतली बाई तक्रार का करत नाही? घाबरते म्हणून, ठीक आहे, मान्य. पण ती घाबरते हे दाखवून तुम्ही थांबता, आणि पोलीस दाखवलाच तर तो घाणेरडं हसणारा. तसे पोलीस असतात, नाही असं नाही. पण कायद्यात काय आहे ते तरी स्क्रीनवर येऊ दे ना. बाईचे खासगी क्षणांचे फोटो तिच्या संमतीशिवाय काढणं किंवा पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, आधी तोच आयपीसीमध्ये ३५४ क होता. आयटी कायद्याचं ६६ ई वेगळं आहे. तिने फोटो काढायला होकार दिला होता पण पसरवायला दिला नव्हता, तरी पसरवणं गुन्हाच आहे, हे किती मुलींना माहीत आहे? २०२१ च्या आयटी नियमांत, तक्रार आली की असा फोटो ठरलेल्या वेळेत काढून टाकायची जबाबदारी कंपन्यांवर टाकली गेली, त्यात एडिट करून बनवलेले खोटे फोटोसुद्धा आले. केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर बायका-मुलांच्या बाबतीतल्या अशा गुन्ह्यांसाठी नाव न सांगता तक्रार करायची सोय आहे. हे सगळं नीट चालतं का, नेहमी नाही चालत, तर मग ते कुठे अडतं ते दाखवा, पोलीस ठाण्यातल्या बाकावर ती तीन तास बसलीय आणि हवालदार विचारतोय फोटो दाखवा म्हणून, त्यात टेन्शन नाही का? भरपूर आहे. तुमच्या पेनड्राइव्हच्या पाठलागापेक्षा कितीतरी जास्त आहे.

आणि आता तर पोलरॉइडही लागत नाही, गुंगीची कॉफीही लागत नाही. मुलीचा कॉलेजच्या गॅदरिंगमधला साधा फोटो पुरतो, बाकीचं एआय करून देतं. पोलरॉइडची निदान एकच प्रत असायची, ती जाळली की विषय संपायचा. आज जाळायला काही नाहीच. म्हणजे हीरो येऊन पुरावा नष्ट करतो हा तुमचा क्लायमॅक्स तसाही निकालात निघालाय. आता मुलीला वाचवू शकेल असं एकच काहीतरी उरलंय, ते म्हणजे फोटो आला तरी घरातले लोक तिला म्हणतील की बस, पाणी पी, आणि कुणी पाठवलाय ते सांग. असा बाप, असा नवरा, अशी सासू तुमच्या थ्रिलरमध्ये कधी दिसली? मला तरी आठवत नाही. नाटकातल्यासारखी भाषणं ठोकणारी माणसं नकोत, आधी हादरणारी, एखादा वाकडा प्रश्न विचारून बसणारी आणि मग तरीही तिच्या बाजूला येऊन बसणारी साधी माणसं हवीत. ती लिहायला अवघड आहेत हे मान्य, पण तुम्ही लोक अवघड गोष्टी लिहू शकता हे आम्ही पाहिलंय म्हणूनच तर मागतोय.

या फिल्ममधल्या रीमचं शेवटी काय होतं ते मी इथे सांगणार नाही, ते तुम्ही स्वतः बघा. बघताना एवढंच लक्षात ठेवा की नवऱ्याबरोबरच्या सीनमध्ये ती किती वेळा काहीतरी बोलायला जाते आणि थांबते. मैसा अब्द इल्हादीने ते थांबणं दर वेळी वेगळं केलंय. तुमच्या पुढच्या स्क्रिप्टमध्ये त्या थांबण्याच्या ठिकाणी एकदा तरी तिला बोलू द्या, आणि समोरच्याने ते ऐकल्यावर पुढची दहा मिनिटं काय होतं ते लिहा. असं काही बनलं तर पहिल्या दिवशी तिकीट काढून येणाऱ्यांत मी असेन, आणि माझ्याबरोबर घरातल्या सगळ्यांना घेऊन येईन, विशेषतः पुरुषांना.

तुमची,
एक प्रेक्षक